जॉन जोन्सचा २८-१: नोंदींमागचे नियम, चाचण्या आणि चुका

अष्टकोन

मिश्र मार्शल आर्ट्सचा (एमएमए) अमेरिकन लढवय्या जॉन जोन्स याच्या नावापुढे २८ विजय, १ पराभव आणि १ 'नो कॉन्टेस्ट' (निकाल न धरलेली लढत) एवढंच लिहिलेलं असतं. ज्या लढतीत पराभव नोंदला गेला तिच्यात तो समोरच्याच्या छातीवर बसून मारत होता. ज्या लढतीपुढे 'नो कॉन्टेस्ट' आहे तिच्यात त्याने डॅनियल कोर्मिएला डोक्यात लाथ घालून आडवं केलं होतं. विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडून एकाही प्रतिस्पर्ध्याला हिसकावता आला नाही. तो दर वेळी कागदोपत्री गेला, नाहीतर त्यानेच सोडला.

पार्श्वभूमी थोडक्यात. १२ एप्रिल २००८ ला पहिली व्यावसायिक लढत, त्याच ऑगस्टमध्ये यूएफसी या लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीत प्रवेश. १९ मार्च २०११ ला न्यूअर्कमध्ये मॉरिसियो 'शोगुन' हुआला तिसऱ्या फेरीत हरवून तो लाइट हेवीवेटचा विजेता झाला, वय २३ वर्षं ८ महिने. ही संधी खरं तर रशाद इव्हान्सची होती. त्याचा गुडघा दुखावला आणि जोन्सला तयारीसाठी जेमतेम सहा आठवडे मिळाले. पुढच्या १३ महिन्यांत रॅम्पेज जॅक्सन, लिओटो माचिदा आणि इव्हान्स, तिघेही माजी विजेते, ओळीने हरले.

'सर्वकालीन श्रेष्ठ कोण' हा वाद इथे नको, त्याचे धागे भरपूर आहेत. प्रत्येक नोंदीमागे कोणता नियम होता, नेमकं काय घडलं आणि कुठे बिनसलं, ते जाणकारांनी लिहावं.

कोपरखळी

सुरुवात त्या एकमेव पराभवापासून. ५ डिसेंबर २००९, लास वेगास, मॅट हॅमिल. जोन्सने पहिल्या फेरीत हॅमिलला टांग मारून पाडलं. पडतानाच हॅमिलचा खांदा निखळला. जोन्स वर बसला आणि कोपर मारत सुटला, त्यातले काही सरळ वरून खाली. घड्याळात काटा बारावरून सहावर उतरावा तशा रेषेत येणारा कोपर तेव्हाच्या नियमांत निषिद्ध होता. तोच कोपर जरा तिरका आला असता तर कायदेशीर. रेफरी स्टीव्ह मॅझागाटी यांनी लढत थांबवून गुण कापला. हॅमिल पुढे लढू शकत नाही हे दिसल्यावर जोन्सला अपात्र ठरवलं.

फाऊल झाल्यावर मार खाल्लेला खेळाडू उभा राहू शकत नसेल तर रेफरीने एकच ठरवायचं असतं: फाऊल जाणूनबुजून होता की अनवधानाने. जाणूनबुजून असेल तर अपात्रता. अनवधानाने असेल आणि लढत अजून पुरेशी झालेली नसेल तर 'नो कॉन्टेस्ट'. माझ्या मते इथे 'नो कॉन्टेस्ट'ला वाव होता, कारण हॅमिलला निकामी केलं ते खांद्याने, आणि खांदा गेला तो कायदेशीर डावात.

या नियमाच्या जन्माची गोष्ट जुने रेफरी जॉन मॅकार्थी सांगत आले आहेत: नियम ठरवणाऱ्यांनी कराटेवाल्यांना वरून कोपर मारून बर्फाच्या लाद्या फोडताना पाहिलं होतं आणि त्यांना तो प्राणघातक वाटला. शरीरशास्त्राने याला आधार नाही. तिरक्या कोपराने भुवई जास्त सहज फाटते. अखेर लढतींवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेतल्या राज्य कमिशनांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये हा नियम काढायला मंजुरी दिली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून तो गेला. २००९ च्या निकालाला मात्र हात लागलेला नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २ मार्च २०१९ ला अँथनी स्मिथ गुडघा टेकून खाली असताना जोन्सने त्याच्या डोक्यात गुडघा मारला. रेफरी हर्ब डीन यांनी एकदम दोन गुण कापले. स्मिथ 'मला दिसत नाही' एवढं म्हणाला असता तर जोन्स अपात्र आणि पट्टा स्मिथच्या कमरेला. स्मिथ लढत राहिला आणि तिन्ही जजच्या कागदावर ४८-४४ ने हरला. म्हणजे एका अपात्रतेने जोन्सचं नुकसान केलं, आणि दुसरी समोरच्याच्या दिलदारपणामुळे टळली.

लालमाती

नियम बाजूला ठेवून लढायची पद्धत बघा, म्हणजे तो इतकी वर्षं का टिकला ते कळेल. पाया कुस्तीचा, त्यातही कमरेच्या वरच्या पकडींचा. जानेवारी २००९ मध्ये स्टीफन बोनरला त्याने मागून कंबर धरून डोक्यावरून उलटा फेकला होता. पट काढायला तो क्वचितच धावत जातो. आधी अंगाला अंग भिडवतो आणि मग टांग किंवा फेक.

उंची ६ फूट ४ इंच, पण खरं भांडवल ८४.५ इंचांचा हातांचा पल्ला. हा पल्ला तो ठोशांपेक्षा अडवण्यासाठी जास्त वापरतो. पंजा समोरच्याच्या कपाळाजवळ ठेवायचा, आणि तो आत आला की गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर सरळ तळपायाची लाथ. ही लाथ जोरात लागायची गरज नसते. पुढे टाकलेल्या पायावर वजन असताना ती बसली की पाय मागे ढकलला जातो आणि ठोसा हवेत राहतो. धोका असा की वजन पूर्ण त्या पायावर असेल तर गुडघा उलट्या दिशेने ताणला जातो. म्हणूनच या लाथेवर बंदी घालावी असं म्हणणारे लढवय्ये आहेत. मला ते पटतं.

उघडी बोटं कपाळासमोर धरण्याची हीच सवय त्याला डोळ्यात बोट जाण्याच्या तक्रारींपर्यंत घेऊन गेली. रेफरी नुसती ताकीद देत राहिले, हे चुकलंच.

आणि तो किती वेळा थोडक्यात वाचला तेही मोजा. सप्टेंबर २०१२ ला टोरंटोत व्हिटोर बेलफोर्टने पहिल्याच फेरीत आर्मबारमध्ये (कोपर उलटा ताणणाऱ्या पकडीत) त्याचा हात सरळ केला होता. हात दुखावला, पण त्याने थापटून हार मानली नाही आणि चौथ्या फेरीत त्यानेच बेलफोर्टचा खांदा पिरगाळून लढत संपवली. एप्रिल २०१३ ला चेल सोननविरुद्ध पायाचा अंगठा मोडून वाकडा झाला होता, हे लढतीनंतर मुलाखत चालू असताना लक्षात आलं. ती लढत पहिल्या फेरीत ४ मिनिटं ३३ सेकंदांनी संपली. फेरी पाच मिनिटांची असते. आणखी २७ सेकंद गेले असते तर मधल्या विश्रांतीत डॉक्टरने अंगठा पाहून लढत थांबवली असती आणि पट्टा सोननचा झाला असता.

कोर्टकचेरी

पिंजऱ्याबाहेरचं मी लिहितो, कारण त्यात लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. पट्टा काढणं हा यूएफसीचा, म्हणजे खासगी कंपनीचा निर्णय. परवाना देणं किंवा रोखणं हे राज्याच्या अॅथलेटिक कमिशनच्या हातात. शिक्षा कोर्टाकडे. तिन्ही घड्याळं वेगवेगळी चालतात.

मे २०१२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये दारू पिऊन गाडी खांबावर घातली. गुन्हा कबूल, पण पट्ट्याला धक्का नाही. त्याच ऑगस्टमध्ये ठरलेला प्रतिस्पर्धी डॅन हेंडरसनचा गुडघा दुखावला, आठ दिवसांवर आलेली बदली लढत सोननशी घ्यायला जोन्सने नकार दिला आणि यूएफसी १५१ हा अख्खा कार्यक्रम रद्द झाला. त्यावरून त्याला तेव्हा जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या त्या अपघातावरून बसल्या नाहीत. खरं तर बदलीला नकार देणं हा लढवय्याचा हक्क आहे. पाच फेऱ्यांची तयारी एका माणसासाठी केलेली असते.

२६ एप्रिल २०१५ चं प्रकरण वेगळं. अल्बुकर्कीत भाड्याची गाडी सिग्नल तोडून दुसऱ्या गाड्यांवर आदळली, एका गर्भवती महिलेचा हात मोडला, आणि हा पळून गेला. २८ एप्रिलला यूएफसीने पट्टा काढला. अपघातस्थळ सोडल्याचा गुन्हा त्याने सप्टेंबरमध्ये कबूल केला. १८ महिन्यांची देखरेख आणि तरुणांसमोर ७२ कार्यक्रम अशी अट लागली. जखमीला रस्त्यात टाकून पळणं याला कोणतंही कौशल्य झाकू शकत नाही, आणि त्याच्या चाहत्यांनी या घटनेवरून घाईने पुढे जाऊ नये.

मार्च २०२० ला पुन्हा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक. सप्टेंबर २०२१ ला अलेक्झांडर गुस्ताफसनबरोबरच्या जुन्या लढतीसाठी 'हॉल ऑफ फेम'मध्ये सत्कार झाला, आणि काही तासांत लास वेगासमध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या आरोपावरून अटक. त्यानंतर प्रशिक्षक माइक विंकलजॉन यांनी त्याला आपल्या जिमचं दार बंद केलं. इतक्या वर्षांच्या प्रशिक्षकाने उचललेलं हे पाऊल मला कोणत्याही दंडापेक्षा वजनदार वाटतं.

रसायन

उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्यांबद्दल लिहितो. जरा लांब होईल, कारण प्रसंग चार आहेत आणि चारही वेगळे.

पहिला, डिसेंबर २०१४. लढतीच्या महिनाभर आधी, ४ तारखेला घेतलेल्या नमुन्यात बेंझॉइलेक्गोनिन सापडलं. कोकेन शरीरात मोडल्यावर हे उरतं. कोकेनवर बंदी फक्त 'स्पर्धेदरम्यान' आहे. महिनाभर आधीचा नमुना 'स्पर्धेबाहेर' मोडतो, म्हणून कमिशनला लढत थांबवताच आली नाही. ३ जानेवारीला त्याने कोर्मिएला गुणांवर हरवलं, बातमी नंतर फुटली, आणि यूएफसीने २५,००० डॉलर दंड केला. नियमाप्रमाणे हे बरोबरच झालं.

दुसरा, २०१६. यूएफसी २०० च्या तीन दिवस आधी त्याला काढलं. १६ जूनच्या नमुन्यात क्लोमिफीन आणि लेट्रोझोल. दोन्ही इस्ट्रोजेनशी संबंधित औषधं. स्टेरॉइडचा कोर्स संपल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत उठवायला ती वापरतात, म्हणून बंदी. जोन्सचं म्हणणं, सहकाऱ्याने दिलेली लैंगिक उत्तेजनाची गोळी घेतली होती. ती तपासली तर खरंच ही दोन्ही द्रव्यं निघाली. तरी लवादाने वर्षभराची पूर्ण बंदी ठेवली, कारण गोळी कुठून आली, कोणत्या कारखान्याची, काहीच विचारलेलं नव्हतं.

तिसरा, २०१७. २९ जुलैला ॲनहाइममध्ये कोर्मिए तिसऱ्या फेरीत पडला. आदल्या दिवशी वजनानंतर घेतलेल्या नमुन्यात ट्युरिनाबॉल निघालं. हे पूर्व जर्मनीतल्या येनाफार्मचं जुनं स्टेरॉइड. निकाल फिरला, त्या विजयाने परत मिळालेला पट्टा गेला. कॅलिफोर्निया कमिशनने परवाना काढून घेतला आणि २,०५,००० डॉलर दंड केला. त्या सुनावणीत समोर आलं की बंदी असलेल्या द्रव्यांबद्दलचं ऑनलाइन प्रशिक्षण त्याच्या नावाने व्यवस्थापनातल्या माणसांनी उरकलं होतं. २०१६ ची ठेच लागल्यावरही असं व्हावं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. दुसऱ्यांदा सापडल्यामुळे बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. तपासात मदत केल्याबद्दल ३० महिने कमी झाले आणि लवाद रिचर्ड मॅक्लॅरन यांनी ती अखेर १५ महिन्यांवर आणली. ट्युरिनाबॉल शरीरात आलं कुठून, ते कधीच सापडलं नाही.

चौथा, डिसेंबर २०१८. ९ तारखेच्या नमुन्यात पुन्हा तेच, पण फक्त 'एम-३' हा दीर्घकाळ टिकणारा अवशेष, मिलिलीटरला ६० पिकोग्रॅमच्या आसपास. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. ताजा डोस घेतला असता तर मूळ द्रव्य आणि लवकर निघून जाणारे अवशेषही दिसायला हवे होते. ते नव्हते. म्हणून तज्ज्ञांनी हे जुन्याच सेवनाचं उरलेलं मानलं. आकडा मध्येच शून्य आणि मध्येच वर का जातो, याचं संभाव्य कारण असं दिलं गेलं की हे द्रव्य चरबीत अडकतं आणि वजन उतरवताना सुटतं. नेवाडा कमिशनकडे सुनावणीला वेळ नव्हता, कॅलिफोर्नियाने परवाना दिला, आणि यूएफसीने जोन्सच्या लढतीला सहा दिवस उरले असताना सगळा कार्यक्रम लास वेगासहून इंगलवुडला हलवला.

हा एम-३ शोधण्याची पद्धत मॉस्को प्रयोगशाळेतल्या सोबोलेव्स्की आणि रॉडचेन्कोव्ह यांच्या कामातून आली. २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकचे साठवलेले नमुने पुन्हा तपासल्यावर जे इतके खेळाडू पकडले गेले, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

लालमाती

रसायन, याच अनुषंगाने एक विचारतो. तीनदा 'महाराष्ट्र केसरी' झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओआधी सापडला, तेव्हाही 'जेवणात कुणीतरी मिसळलं' हाच बचाव होता. जोन्सला सवलत आणि नरसिंगला पूर्ण चार वर्षं, हे कसं?

रसायन

प्रश्न योग्य आहे, आणि दोन्ही द्रव्यं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिएनोन होतं. त्याच रेणूला चौथ्या जागी क्लोरीनचा अणू जोडला की ट्युरिनाबॉल होतं.

फरक पडला तो प्रमाणात. भारतातल्या शिस्तपालन समितीने १ ऑगस्टला नरसिंगला निर्दोष सोडलं, उत्तेजकविरोधी जागतिक संस्था वाडा क्रीडा लवादाकडे गेली, आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी आली. २५ जूनच्या नमुन्यातलं प्रमाण पाहता पेयात पूड मिसळली जाण्यापेक्षा गोळ्या घेतल्याची शक्यता जास्त, असं तज्ज्ञाचं मत पडलं, आणि घातपाताचा ठोस पुरावा समोर आला नाही. जोन्सचं प्रमाण पिकोग्रॅममधलं आणि मूळ द्रव्य गायब. शिवाय त्याने तपासात मदत केली, त्याची वेगळी सूट. पण २०१७ मध्ये स्रोत न सांगताही इतकी सूट मिळाली, ही तुमची बोच मला मान्य आहे.

ज्यांना खरंच लढायचं आहे त्यांच्यासाठी: पूरक आहाराचा डबा घेताना बॅच तपासलेली आहे ना ते पाहा. बॅच क्रमांकाचा फोटो ठेवा, त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा बाजूला ठेवा, आणि नमुना देताना फॉर्मवर घेतलेलं सगळं लिहा. उघडा डबा पुरावा म्हणून कमजोर असतो, कारण त्यात नंतर काही मिसळलं नाही हे सिद्ध करता येत नाही. सहकाऱ्याने दिलेली सुटी गोळी तर घेऊच नका. २०१६ ला पूर्ण वर्ष गेलं ते तिच्यापायी.

अष्टकोन

रसायन, वैज्ञानिक बाजू पटली. तरी इंगलवुडच्या निर्णयाचं समर्थन होऊ शकत नाही. एका लढवय्यासाठी कार्यक्रमपत्रिकेवरच्या इतर सगळ्यांचा मुक्काम, सराव आणि शेवटच्या आठवड्यातली वजन उतरवायची जागा बदलली. नाताळच्या सुट्टीत विमानाची, हॉटेलची तिकिटं काढलेल्या प्रेक्षकांचे पैसे गेले ते निराळेच.

रसायन

त्यावर दुमत नाही. एक भर: २०१९ च्या अखेरीस यूएफसीच्या उत्तेजकविरोधी नियमांत एम-३ सारख्या काही अवशेषांना मिलिलीटरला १०० पिकोग्रॅम अशी खालची मर्यादा घातली गेली. त्याखाली सापडलं तर उल्लंघन धरत नाहीत. ती आधी असती तर डिसेंबर २०१८ चा गोंधळ झालाच नसता.

वजनकाटा

वजनाचा मुद्दा राहिला. लाइट हेवीवेटची मर्यादा २०५ पौंड, म्हणजे ९३ किलो. पट्ट्याच्या लढतीत काटा २०५ च्या वर चालत नाही. इतर लढतींत एक पौंडाची सूट असते. शेवटच्या आठवड्यात आधी भरपूर पाणी, मग ते तोडणं, मीठ आणि पिष्ट पदार्थ कमी, शेवटी गरम पाण्याचा टब किंवा सॉना. ऑक्टोबर २०१५ पासून सलाइन लावून पाणी भरून काढायला बंदी आली: आधी ६ तासांत ५० मिलिलीटरपर्यंत, पुढे १२ तासांत १०० मिलिलीटरपर्यंतच परवानगी होती. सलाइनने नमुना पातळ होतो, म्हणून. तेव्हापासून क्षार घातलेलं पाणी घोटाघोटाने पिणं हा नेहमीचा मार्ग झाला. घाईने प्यायलं तर उलटी होते आणि आहे तेही जातं.

जोन्सने ऑगस्ट २०२० मध्ये मानधनाच्या वादानंतर पट्टा सोडला आणि अडीच वर्षं अंग भरण्यात घालवली. ४ मार्च २०२३ ला वरच्या, हेवीवेट गटाच्या पट्ट्यासाठी सिरिल गानविरुद्ध तो २४८ पौंडांवर आला. गान पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून उठायला बघत असताना त्याने मानेभोवती हात गुंडाळला आणि छातीचा भार डोक्याच्या मागे टाकला. अशा वेळी खालच्याला सुटायचं तर कंबर मागे न्यावी लागते, पण मागे जाळी. २ मिनिटं ४ सेकंदांत गान थापटला.

या वाढलेल्या वजनाची किंमतही लागली असावी, असा माझा अंदाज आहे. ऑक्टोबर २०२३ ला सरावात छातीच्या स्नायूचा कंडरा हाडापासून सुटला आणि स्टिपे मिओचिचबरोबरची लढत वर्षभर लांबली. अखेर १६ नोव्हेंबर २०२४ ला तिसऱ्या फेरीत, गर्रकन फिरून बरगड्यांवर मारलेल्या टाचेने ती संपली.

कोपरखळी

फेब्रुवारी २०२० च्या डॉमिनिक रेयसच्या लढतीबद्दल कुणीच लिहिलं नाही? जजचे कागद ४८-४७, ४८-४७, ४९-४६, तिन्ही जोन्सकडे. दहा गुणांच्या पद्धतीत प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजतात: जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. परिणामकारक मारा आणि पकड आधी. त्यात बरोबरी असेल तरच आक्रमकता, आणि मैदानावरचा ताबा सर्वांत शेवटी. पहिल्या दोन फेऱ्यांत रेयसचा मारा स्पष्ट होता, शेवटच्या दोन जोन्सच्या, तिसरी वादाची. त्यामुळे ४८-४७ कुठल्याही बाजूने समजू शकतं. ४९-४६ नाही. त्यासाठी पहिल्या दोनपैकी एक फेरी जोन्सला द्यावी लागते, आणि ती दिली जाते ती नुसतं पुढे चालत राहण्यासाठी. माझ्या कागदावर रेयस ४८-४७.

लालमाती

माझ्या कागदावर जोन्स, तिसरी फेरी धरून. पण ४९-४६ बद्दल सहमत. २०१९ च्या थियागो सांतोसलाही याच रांगेत बसवा. गुडघ्याचे अस्थिबंध फाटलेले असताना त्याने एका जजचा कल मिळवला, आणि जोन्सविरुद्ध पट्ट्याच्या लढतीत असं होण्याची ती पहिलीच वेळ होती.

अष्टकोन

धागा वाचणाऱ्यांसाठी २०२५ च्या मध्यापर्यंतची स्थिती: २१ जून २०२५ ला यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी जोन्सची निवृत्ती जाहीर केली आणि हंगामी विजेता टॉम ॲस्पिनॉल पूर्ण विजेता झाला. ॲस्पिनॉलने तो हंगामी पट्टा नोव्हेंबर २०२३ मध्ये ६९ सेकंदांत जिंकला होता, आणि जोन्सशी गाठ पडायची वाट बघत दीड वर्षाहून जास्त काळ ताटकळला. या कारकिर्दीचा तोही एक भुर्दंड, फक्त तो दुसऱ्याने भरला. निवृत्तीनंतर काही आठवड्यांतच जोन्सने पुन्हा उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव नोंदवल्याचं सांगितलं.

कोर्मिएच्या दोन्ही लढतींचं फेरीनिहाय विश्लेषण कुणाकडे असेल तर इथेच टाका, वेगळा धागा नको.